पांढरा सराटा

जानेवारीत दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि आमच्या व्हिलामागच्या रिकाम्या प्लॉटवर सराटा उगवला. अबू धाबीच्या खलिफा सिटीत रिकामा प्लॉट म्हणजे आसपासच्यांचं पार्किंग, संध्याकाळचं क्रिकेट आणि कुणीतरी टाकून दिलेला सोफा. त्या सोफ्याच्या पायाशी वाळूला चिकटून पसरलेलं एक झुडूप होतं आणि त्याला पांढरी फुलं आली होती.

सराट्याचं फूल पिवळं असतं. गावाकडे असतं तसं टिचभर नाही, इथलं फूल चांगलं रुपयाएवढं होतं, पण रंग पिवळाच. याच प्लॉटच्या कडेला दोन झुडपं होती, त्यांची फुलं नियमाप्रमाणे हळदीसारखी पिवळीधमक. आणि हे मधलं एकटं पांढरं. अगदी दूधपांढरं नव्हे, साईसारखं. मी वाळूत गुडघे टेकून भिंग लावलं तेव्हा समोरच्या बाल्कनीतल्या बाईने आपल्या मुलाला आत नेलं.

माझं भिंग सोनाराचं आहे, दुबईत देऱ्याच्या बाजारातून घेतलेलं. शिक्षण बीकॉम. वनस्पतिशास्त्र मी कारमध्ये बसून शिकले. केया लहान होती तेव्हा तिच्या पोहण्याच्या, गाण्याच्या, अबॅकसच्या क्लासबाहेर थांबायचं, आणि थांबून थांबून माणूस करणार काय? खाली बघायला लागले. खाली बरंच काही होतं. मग फोनवर वाचायला लागले, आणि वाचता वाचता मृणालिनीताईंच्या रानफुलांच्या ग्रुपमध्ये शिरले. मृणालिनीताई शारजाला राहतात, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय. ग्रुपमध्ये कुणी 'सुंदर फूल!' एवढंच लिहून फोटो टाकला, की त्या विचारतात, "पान कुठाय?"

मी पान, देठ, फूल, सगळ्याचे फोटो पाठवले. त्यांचा फोनच आला.

"विभावरी, फोटो उन्हात काढलास का? उन्हात पिवळं फिकट दिसतं."

"सावलीत काढलाय ताई. शेजारी खरं पिवळं ठेवून काढलाय, बघा ना."

"हं. आहे खरं पांढरं. पण फळ कुठाय?"

"अजून धरलं नाही."

"मग मी काय सांगू? या घराण्यात फूल बघून कुणी बोलत नाही. फळाला नुसते काटे आहेत की पंख आहेत, त्यावर सगळं ठरतं. आणि पांढरा रंग त्याच्या बियांत उतरतो की हे एकटंच झाड फिकुटलंय, हे कळायचं तर बी पेरून बघायला हवं. उतरला, तर त्याला वाण म्हणता येईल. नाही उतरला तर तुझ्याकडे एक छान फोटो आहे."

छान फोटो माझ्याकडे चार हजार आहेत. मला वाण हवा होता. खरं सांगायचं, तर मला एवढंच हवं होतं की मी जे बघितलं ते खरोखर होतं, असं त्यातलं कळणाऱ्या कुणीतरी म्हणावं. त्यासाठी एक फळ पुरेसं होतं. सराट्याला फळ धरायला किती वेळ लागतो! जगात इतक्या उत्साहाने काटे धरणारं दुसरं झाड नाही.

पण फळ धरेना. त्याचं कारण, फूलच टिकत नव्हतं. संध्याकाळी कळ्या मोजून यावं, टपोऱ्या, उद्या फुलणार म्हणून. सकाळी केयाला शाळेच्या बसमध्ये बसवून, नवऱ्याचा, उल्हासचा, डबा भरून तिथे जावं, तर झुडपावर एक फूल, फार तर दीड. बाकीचे देठ बोडके. पाकळ्या खाली पडलेल्या नाहीत, किड्याने कुरतडलेल्या नाहीत. स्वच्छ खुडलेलं.

माझा पहिला संशय झुबेरवर. झुबेर कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कामाला आहे, सामान पोचवायला सायकलवरून त्याच प्लॉटमधून आडवा जातो.

"झुबेर, वो सोफे के पास का फूल तुम तोडता है?"

त्याने दुधाचे कॅन खाली ठेवले. "भाभी, मैं फूल का क्या करेगा? किसको देगा? अभी तो मेरी मंगनी भी नहीं हुई।" मग जरा विचार करून म्हणाला, "होगी तो भी वो बोलेगी, ये काँटे का फूल क्यों लाया।"

झुबेर निर्दोष. मग मी समोरच्या बाल्कनीतल्या बाईवर संशय घेतला, मग मैनांवर, मग क्रिकेटवाल्या पोरांवर. उल्हास जेवताना म्हणाला, "तुझ्या त्या झाडाला सीसीटीव्ही लाव." केया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मॉम, इट्स अ वीड. लिटरली अ वीड." आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, त्यांनी ताटातल्या आमटीकडे बघत विषयच बदलला. "आज जरा तिखट झालीय का गं?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. नानांना तिखट कधीच लागत नाही.

नाना डिसेंबरात ठाण्याहून आले होते. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच. एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत, हातातच धरून, देव. अन्नपूर्णा, गणपती, दोन इंचांचा बाळकृष्ण आणि सासूबाईंचा एक फोटो. तिकडची पूजा सासूबाई करायच्या, ती आता नाना करत होते. देव त्यांनी स्वतःच्या खोलीत टीपॉयवर मांडले होते, आणि पूजेच्या वेळी दार लोटलेलं असायचं. आम्ही मुद्दाम आत जात नव्हतो. बायकोच्या फोटोशी माणूस काय बोलतो ते ऐकू नये.

आल्या आल्या मी त्यांना फुलं आणून दिली होती. सुपरमार्केटात शेवंतीची चार फुलं, प्लॅस्टिकच्या डबीत. नानांनी चष्मा लावून डबीवरची चिठ्ठी वाचली.

"पंधरा? पंधरा दिरहॅम म्हणजे..." ओठ हलले. "साडेतीनशे रुपये! चार फुलांना! विभा, यापेक्षा मी देवाला नुसत्या अक्षता वाहीन."

आणि मी खरंच समजत होते की ते अक्षता वाहतात.

हे उघडकीला आलं ते कढीपत्त्याच्या कुंडीमुळे. बाल्कनीतला माझा कढीपत्ता एकाएकी तरारला होता म्हणून मी खत काय पडलंय ते बघायला वाकले. बुंध्याशी सुकलेल्या पाकळ्यांचा थर होता. वरच्या ताज्या. पाच पाकळ्या, टोकाला किंचित दुमडलेल्या, साईच्या रंगाच्या. त्यावर हळदीकुंकवाचे कण.

निर्माल्य. ते केराच्या डब्यात टाकायचं नसतं आणि खलिफा सिटीत नदी नसते, म्हणून नाना ते रोज माझ्या कढीपत्त्याला घालत होते.

मी भिंग लावून पुन्हा बघितलं. सवय. मग तशीच नानांच्या दारावर टकटक केली. ते पूजा आटोपून पेपर वाचत होते. टीपॉयवर बाळकृष्णाच्या पायाशी एक, गणपतीच्या डोक्यावर एक, आणि सासूबाईंच्या फोटोवर तीन. माझा सगळा आठवडा तिथे वाहिलेला होता.

"नाना, ही फुलं..."

"अगं, ती ना!" नाना खूश झाले. "फुकट! त्या मागच्या मोकळ्या जागेत. पहाटे फिरायला जातो तेव्हा आणतो. इथे कुणाचं कंपाउंड नाही, काठी नको, कुत्रं नको, 'ओ आजोबा' म्हणून वरून ओरडणारं कुणी नाही. तुझ्या सासूला पांढरं फूल फार आवडायचं. अनंत, तगर. तगर कुठली इथे. हे सापडलं."

ठाण्याला नानांची पहाटेची फेरी सगळ्या कॉलनीला माहीत होती. हातात आकडीची काठी, खिशात दुधाची धुतलेली पिशवी. पाच बंगल्यांची जास्वंद त्यांच्या देव्हाऱ्यात यायची. माझ्या नवऱ्याचं सगळं लहानपण 'बाबा, आपली नाहीत ती फुलं' असं म्हणण्यात गेलं. मी हे सगळं ऐकलेलं होतं आणि तरी मी मैनांवर संशय घेतला.

"नाना, मी महिनाभर त्या झाडाला फळ धरायची वाट बघतेय." माझा आवाज चढला, चढायला नको होता. "तुम्ही रोज खुडताय. जेवताना मी काय सांगत होते?"

"तू झाडाबद्दल सांगत होतीस. मला वाटलं, कुठलं तरी मोठं झाड." मग हळूच म्हणाले, "नंतर वाटलं, हेच असेल. तोवर बोलायची वेळ गेली होती."

मी हातातलं भिंग मिटलं.

"सगळी नाही तोडत मी," नाना म्हणाले. "एक ठेवतो रोज. झाडाला सगळं ओरबाडू नये, एवढं कळतं मला. नाव काय म्हणालीस त्याचं?"

"सराटा."

नानांनी पेपर खाली ठेवला. त्यांचं लहानपण आटपाडीला गेलं, अनवाणी. "सराटा? पायात मोडतो तो? मी देवाला सराटा वाहतोय?" त्यांनी गणपतीकडे बघितलं, मग फोटोकडे. "हिला कळलं तर..."

"इथे त्याच्या एका भावाला राष्ट्रीय फुलाचा मान आहे."

"काय सांगतेस! सराट्याला?"

दोघांनाही हसू आलं. मला थोडं उशिरा आलं, पण आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं गेलो. नाना रिकाम्या हाताने निघालेले बघून मलाच चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी एक एक करून राखलेल्या फुलांपैकी दोनांनी शब्द पाळला होता. पानांच्या आड दोन हिरवी फळं धरली होती, हरभऱ्याएवढी, अंगावर कोवळे काटे. पंख नाहीत. मी भिंग नानांना दिलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"लहानपणी एवढे पायातून काढले," ते म्हणाले, "पण तोंड पहिल्यांदाच बघतोय."

फळ सुकून तपकिरी झालं की काढायचं, असं ठरलं. तेव्हापासून नाना रोज पहाटे राखणीला जाऊ लागले. परत आले की मी चहा टाकताना बातमी: "डावं जरा पिवळट झालंय. उजवं आहे तसंच." क्रिकेटवाल्या पोरांना त्यांनी सोफ्याच्या अलीकडे खेळायची सक्त ताकीद दिली. पोरं मल्याळी, पंजाबी, इजिप्शियन, ताकीद मराठीत. पण पोरं ऐकायची.

आणि एका सकाळी, मी केयाला बसमध्ये बसवून परतत होते, तर प्लॉटवर शेवल उभा होता. लोडरला इथे सगळे शेवलच म्हणतात. बोर्ड लागलेला, दोऱ्या ताणलेल्या. वाळू एका बाजूला ढकलून तिचा ढीग केला होता. सोफा नव्हता. ढिगावर नाना होते.

पायजमा, स्वेटर, रबरी चपला, आणि दोन्ही हातांनी वाळू उकरत होते. खाली उभा असलेला सुपरवायझर "अंकल, खलास! अंकल, डेंजर! यल्ला, नीचे!" असं ओरडत होता आणि नाना त्याला मराठीत सांगत होते, "एक मिनिट हो, एकच मिनिट, सुनेची वस्तू आहे."

मी त्यांना हात धरून खाली आणलं. नखांत वाळू. चेहरा पडलेला.

"पालापण सापडला नाही गं," ते म्हणाले. "काल काढायला हवं होतं. डावं तयार होतं. मी म्हटलं, आणखी एक दिवस वाळू दे."

"मीच सांगितलं होतं वाळू द्या म्हणून."

"तरी."

घरी येऊन मी दोन चहा केले. मृणालिनीताईंना मेसेज केला: प्लॉट गेला. त्यांनी लिहिलं: "अरेरे. असं होतं. फोटो जपून ठेव." म्हणजे छान फोटो. पाच हजारांच्या दिशेने आणखी एक.

संध्याकाळी केया शाळेतून आली, बूट काढले, मोजे काढले, आणि दारातच किंचाळली.

"आऊच! ओ माय गॉड! समथिंग बिट मी!"

नाना धावले. ती पाय धरून चपलांच्या शेजारी बसली होती. नानांनी तिची टाच हातात घेतली, उजेडाकडे वळवली, आणि मी लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता असा आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"विभा! सराटा!"

हात रिकामे आले होते, चपला रिकाम्या नव्हत्या. रबरी तळव्यात रुतून आलेला एक काटा सुटून दारात पडला होता आणि माझ्या दुबई-अबू धाबीत वाढलेल्या, आयुष्यात कधी अनवाणी न चाललेल्या मुलीच्या टाचेत मोडला होता.

"आजोबा, पुल इट आउट!"

"थांब, थांब, हलू नको. मोडेल."

"माझा पाय मोडेल?"

"काटा मोडेल!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. केयाने आमच्याकडे असं बघितलं की पुढचा आठवडाभर ते मैत्रिणींना सांगितलं जाणार हे मला तिथेच कळलं.

नानांनी नखांच्या चिमटीत धरून अलगद काढला. मग चपला उलट्या केल्या. डाव्या चपलेत आणखी दोन फाका होत्या. सराट्याचं फळ पिकलं की पाच फाकांत सुटतं, प्रत्येकीत दोन-चार बिया, बाहेर दोन मोठे काटे. तपकिरी, कडक, तयार. नानांनी तिन्ही फाका ताटलीत ठेवल्या, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "नमस्कार कर."

केयाने केलासुद्धा. टाच धरून.

फोनवर मृणालिनीताई आधी हसल्या, मग नेहमीसारख्या झाल्या. "काटेवाला आहे हे नक्की. पंखवाला चपलेत रुततच नाही. पण विभावरी, कडेला पिवळी झुडपं होती ना? त्या ढिगात सगळं कालवलेलं. हा काटा पांढऱ्याचाच कशावरून?"

कशावरूनच नाही.

"पेर," त्या म्हणाल्या. "पांढरं आलं, तर दोन्ही उत्तरं मिळाली. झाड तेच, आणि रंगही उतरतो. पिवळं आलं, तर काहीच कळलं नाही. मनाची तयारी ठेव."

मनाची तयारी मी कुंडीबरोबर केली. प्लॉटच्या ढिगातली बादलीभर वाळू झुबेर सायकलवरून घेऊन आला. "भाभी, रेत? रेत चाहिए? बाहर तो पूरा मुल्क पड़ा है," असं तीनदा म्हणून. कुंडी बाल्कनीत कढीपत्त्याशेजारी ठेवली. नानांनी स्वतः पेरलं. आंघोळ करून.

त्यांचं परतीचं तिकीट पाडव्यानंतरचं होतं. आम्ही महिनाभर राहा राहा म्हणत होतो, तर ठाण्याचं पाण्याचं बिल, सोसायटीची मीटिंग, पेपरवाल्याला सांगितलेली तारीख, शंभर कारणं. आता एका रात्रीच्या जेवणात ते म्हणाले, "उल्हास, तिकीट पुढे ढकलता येतं का रे?"

उल्हासचा घास हातात राहिला. "येतं की! व्हिसापण वाढवता येतो. का, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. ते उगवलंय."

"काय उगवलंय?"

"सराटा."

उल्हासने माझ्याकडे बघितलं. "मी एवढं सांगून बाबा राहत नव्हते," तो म्हणाला, "आणि काट्यासाठी राहतायत."

"तू उगवायला एवढा वेळ नव्हता घेतलास," नाना म्हणाले.

दोन रोपं वर आली होती. एक आठवड्याभरात मान टाकून गेलं. दुसरं पसरलं, कुंडीच्या काठावरून खाली उतरलं, आणि एप्रिलच्या उन्हात त्याने एक कळी धरली. एकच. बाहेरून हिरवी, घट्ट मिटलेली. भिंग लावून काही दिसेना. नाना दिवसातून कितीदा तरी बघून यायचे आणि विचारायचे, "कडा पिवळी वाटतेय का गं?" मला कधी वाटायची, कधी नाही. केयाने फ्रिजवर कागद लावला होता, 'यलो' आणि 'व्हाइट' असे दोन रकाने, आणि घरातल्या सगळ्यांकडून पैजा घेतल्या होत्या. उल्हास यलो. झुबेर, सामान द्यायला आला तेव्हा, व्हाइट. माझं आणि नानांचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.

त्या सकाळी मी उठून बाहेर आले तर बाल्कनीचं दार उघडं होतं. उदबत्तीचा वास. नाना आंघोळ करून, पूजेचं धोतर नेसून, फरशीवर मांडी घालून कुंडीसमोर बसले होते. पूजेची वेळ, हाताच्या अंतरावर फूल, आणि हयातभराची सवय.

"नाना," मी म्हटलं, "तोडलं नाहीत ना?"

"ये," ते म्हणाले. "बघ."

फूल झाडावर होतं. पाच पाकळ्या, टोकाला किंचित दुमडलेल्या. साईच्या रंगाचं. मी उन्हात बघितलं, सावलीत बघितलं, भिंग लावून बघितलं, भिंग काढून बघितलं. पांढरं होतं.

आणि त्याच्या खाली, कुंडीच्या वाळूत, ओळीने देव मांडले होते. अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण. कुंडीला टेकून सासूबाईंचा फोटो, फुलाची सावली बरोबर त्यांच्या कपाळावर पडेल असा.

"फूल काही देवापर्यंत जाणार नव्हतं," नाना म्हणाले. "म्हणून म्हटलं, देवच आणू. तिला पण दाखवलं. म्हटलं, हे बघ, सुनेचं आहे, हात लावायचा नाही."

मी खाली बसले, फोन काढला आणि फोटो घेतला. पान, देठ, फूल. बरोबर खरं पिवळं नव्हतं, पण निरांजनाची ज्योत होती, ती चालेल असं वाटलं. लगेच मृणालिनीताईंना पाठवला.

उत्तर यायला वेळ लागला नाही. त्या मागे कधी कुणाला म्हणाल्या नव्हत्या ते म्हणाल्या: "विभावरी, तू बरोबर बघितलं होतंस." आणि त्याखाली लगेच: "आणखी एक पिढी पेरून बघू, मग लिहू. आता याचं फळ जप. आणि मोजमापासाठी शेजारी काय ठेवलंयस?"

मी नानांना वाचून दाखवलं.

"सांग त्यांना," नाना चष्मा पुसत म्हणाले, "बाळकृष्ण. उंची दोन इंच."